गळ्याला लाभलेला चेहरा
(लेखमाला : दृश्य आणि नाद – लेखांक आठवा)

उपग्रहवाहिन्या आपल्या घरांत कशा आल्या, गच्चीगच्चीवर त्यांच्या तबकड्या कशा उभ्या राहिल्या आणि गल्लीतल्या केबलवाल्याने दूरदर्शनची मिरासदारी कशी संपुष्टात आणली, याचा वृत्तान्त गेल्या लेखांकात आला आहे. त्या वाहिन्यांनी जे नानाविध प्रकार आपल्यापुढे मांडले त्यांपैकी एकाचाच परामर्श या आठवड्यात घ्यावयाचा आहे. चित्रपटाशी काडीचाही संबंध नसलेल्या गाण्यांवर रचलेल्या, चार-पाच मिनिटांत आटोपणाऱ्या, भडक रंगांच्या आणि भाबड्या कथानकांच्या ज्या चित्रफितींना त्या काळी सर्वजण ‘इंडीपॉपचे व्हिडिओ’ म्हणत, त्यांचा हा विषय. आजची तरुण मंडळी त्या पाहतात आणि हसतात. चकचकीत कपडे, वाऱ्याच्या यंत्राने उडविलेले केस, प्रेमपत्र हाती पडताच आकाशातून बरसणाऱ्या पाकळ्या यांना हसू येणे स्वाभाविकच आहे. तथापि माझा त्या चित्रफितींवर तेव्हाही लोभ होता आणि आजही आहे; आणि हा लोभ केवळ गतकाळाविषयीच्या ममत्वातून उपजलेला नसून त्याला एक सबळ कारण आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ते कारण समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. आपल्या संगीत रंगभूमीवर गाणारा आणि दिसणारा हे एकच होते. बालगंधर्वांचा स्वर आणि बालगंधर्वांचे रूप यांची फारकत करण्याची कल्पनाही त्यांच्या प्रेक्षकांना सहन झाली नसती. बोलपटांचा आरंभही याच परंपरेने झाला : प्रभातच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे आपली पदे स्वतःच गात होते. पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केला आणि पाहता पाहता ती रीत इतकी रूढ झाली, की गाणारा पडद्याआड आणि ओठ हलविणारा पडद्यावर, हाच हिंदी चित्रसृष्टीचा अलिखित जाबता होऊन बसला. १९४९ च्या ‘महल’मधील ज्या गाण्याने लता मंगेशकरांचे नाव देशभर पोहोचविले, त्याच्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर गायिका म्हणून नाव छापले गेले होते ते ‘कामिनी’ असे, म्हणजे त्या चित्रपटातील पात्राचे. गळ्याचे कर्तृत्व चेहऱ्याच्या खाती जमा करण्याची ही वहिवाट पुढे अर्धे शतक चालली. पार्श्वगायनाने आपल्याला अलौकिक स्वर दिले हे निर्विवाद आहे. परंतु ज्यांच्या स्वरांवर आपण वाढलो, ती माणसे गाताना दिसतात कशी, हे पाहण्याची संधी सामान्य श्रोत्याला एखाद्या मैफलीखेरीज क्वचितच लाभे.

ही वहिवाट मोडण्याचे श्रेय मी इंडीपॉपच्या चित्रफितींना देतो. त्यापूर्वी प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. बिद्दू यांच्या संगीताने नटलेली नाझिया हसनची ‘डिस्को दिवाने’ १९८१ सालीच येऊन गेली होती. परंतु अशा गीतांना रोज दाखवील अशी जागाच तेव्हा नव्हती. ती जागा १९९१ नंतर निर्माण झाली. स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही आली. १९९४ साली ती तेथून बाहेर पडताच तिच्या जागी चॅनल व्ही उभी राहिली. आणि १९९६ मध्ये एमटीव्ही पुन्हा, या वेळी खास हिंदुस्थानी अवतारात, परतली. चोवीस तास संगीत दाखविण्याचा विडा उचललेल्या या वाहिन्यांना सामग्री हवी होती. ध्वनिफितींच्या कंपन्यांना आपल्या गायकांची जाहिरात हवी होती. चित्रफितीचा खर्च कंपनीने सोसावा, वाहिनीने ती दाखवावी आणि कंपनीने आपला मोबदला कॅसेटच्या विक्रीतून वसूल करावा, असा तो सरळ जमाखर्च होता. मॅग्नासाउंडसारख्या कंपनीचे नाव त्या काळी घरोघर ठाऊक झाले ते यामुळेच.

या जमाखर्चातच त्या चित्रफितींच्या भडकपणाचे मूळ आहे. मागील गाणे संपून पुढील गाणे सुरू होते त्या क्षणी प्रेक्षकाच्या हातात दूरनियंत्रक असतो आणि त्याचा अंगठा वाहिनी बदलण्यास सिद्ध असतो; त्याला पहिल्या काही सेकंदांतच थोपवून धरणे भाग होते. पदरी कथेची पूर्वपीठिका नाही, परिचित नट नाही, तीन तासांच्या चित्रपटाने आधीच तयार करून ठेवलेली भावना नाही. अशा स्थितीत रंग, वेष, नृत्य आणि नवल यांचाच आश्रय घ्यावा लागे. शिवाय केन घोष, महेश मथाई, प्रदीप सरकार यांच्यासारख्या ज्या दिग्दर्शकांनी या चित्रफिती घडविल्या, त्यांपैकी अनेकांचा हात जाहिरातपटांवर बसलेला होता. अर्ध्या मिनिटात एक संपूर्ण जग उभे करण्याची त्यांना सवय होती. चार मिनिटे मिळाल्यावर त्यांनी त्यांत आठ जगे उभी केली, यात त्यांचा दोष तो कोणता?

१९९५ सालची अलिशा चिनॉयची ‘मेड इन इंडिया’ घ्या. संगीत पुन्हा बिद्दू यांचेच, दिग्दर्शन केन घोष यांचे. एका राजमहालात एक राजकन्या बसली आहे, देशोदेशीचे वर तिच्यापुढे हजर होत आहेत, ती एकेकाला नापसंत करीत आहे आणि अखेर एका मोठ्या पेटीतून जो तरुण प्रकटतो त्याला ती वरते. हा तरुण म्हणजे आपल्या दादरच्या शिवाजी पार्कात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर पोहण्याच्या शर्यती गाजविलेला मिलिंद सोमण. स्वयंवराची ही कथा किती जुनी! परंतु परकी माल बाजारात नुकताच मोकळेपणाने येऊ लागला होता अशा काळात, स्वदेशी वराची निवड करणाऱ्या त्या राजकन्येने लाखो घरांतील मुलामुलींना एक निरागस अभिमान दिला, आणि तो कोणाचाही द्वेष न शिकविता दिला, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती राजकन्या कोणा नटीने साकारलेली नव्हती. जिचा गळा होता तीच सिंहासनावर बसली होती.

याच सूत्राचे सर्वांत निर्भय उदाहरण म्हणजे दलेर मेहंदी. १९९५ च्या ‘बोलो ता रा रा’ने हा पाटण्यात जन्मलेला पंजाबी गायक देशभर गाजला, परंतु याच्या गाण्यांना लोकप्रियता मिळते ती चित्रफितींतील सुंदर तरुणींमुळे, असा आक्षेप त्याच्यावर येऊ लागला. १९९८ मध्ये त्याने ‘तुनक तुनक तुन’ केली आणि तीत एकही तरुणी घेतली नाही. इतकेच नव्हे, तर स्वतःखेरीज दुसरे माणूसच घेतले नाही. चार निरनिराळ्या रंगांच्या पोषाखांतील चार दलेर मेहंदी, भोवती संगणकाने रचलेले डोंगर, वाळवंट आणि आकाश, आणि मध्येच ज्वालांचे गोळे होऊन एकमेकांत विलीन होणारे ते चौघे, असा तो अद्भुत प्रकार आहे.

हे कसे साधले, तेही सांगितले पाहिजे. कारण या तंत्राची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना अशाच चित्रफितींनी करून दिली. क्रोमा-की या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कलावंताला सपाट निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे उभे करतात. हेच दोन रंग निवडण्याचे कारण असे, की मानवी त्वचेच्या छटांपासून ते सर्वांत दूर पडतात. यंत्र चित्रातील तेवढाच रंग वेचून काढून टाकते आणि त्या मोकळ्या जागी दुसरे चित्र भरते. पडद्यावरील प्रकाश सर्वत्र सारखा नसेल, तर आकृतीच्या कडेला रंगाची एक किनार शिल्लक राहते. पोषाखात तोच रंग आला, तर माणसाच्या अंगालाच भोक पडल्यासारखे दिसते. आणि एकच माणूस चार वेळा दाखवावयाचा तर त्याला तेच नृत्य चार वेळा, प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या ठेक्यावर करावे लागते, कारण शेजारी नाचणारा सोबती त्याला दिसतच नसतो. ‘तुनक’ पाहताना या साऱ्या अडचणींच्या खुणा ठायीठायी दिसतात. आकृती भूमीवर नीट टेकलेली वाटत नाही, सावल्या जुळत नाहीत. आणि तरीही तो मनुष्य ज्या निखळ आनंदाने हात उंचावून नाचतो, त्यापुढे या उणिवांचा हिशेब मांडण्याची इच्छाच होत नाही. भाषा न समजणाऱ्या देशांतही ती चित्रफीत पोहोचली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या जगप्रसिद्ध संगणकीय खेळातील एका जमातीच्या पुरुष पात्रांना तेच नृत्य देण्यात आले, ही तिला मिळालेली मोठीच सनद होय.

मात्र माझ्या मनात सर्वांत खोल जागा आहे ती फाल्गुनी पाठकच्या चित्रफितींना. मुंबईच्या नवरात्रातील गरब्याने घडविलेली ही गायिका १९९८ मध्ये ‘याद पिया की आने लगी’ आणि त्यानंतरच्या वर्षी ‘मैंने पायल है छनकाई’ घेऊन आली. कथानके अशी, की कोणीही एका वाक्यात सांगावी : महाविद्यालयातील मुलगी, तिला आवडलेला मुलगा, एक गैरसमज, एखादा कठपुतळ्यांचा खेळ आणि शेवटी मीलन. पण या प्रेमकथांत फाल्गुनी स्वतः कोठे असते ते पाहावे. ती नायिका नसते. आखूड केस, सदरा आणि पाटलोण अशा आपल्या नेहमीच्या वेषात ती बाजूला उभी राहून गाते, त्या दोघांकडे वात्सल्याने पाहते, जणू ही सारी कथा तिच्याच गाण्याने चालविली आहे. आमच्या नाटकांतला सूत्रधार नेमके हेच करीत असे. स्त्री-कलावंताने पडद्यावर यावयाचे तर ठराविक वेष आणि ठराविक नखरे पत्करलेच पाहिजेत, हा त्या काळचा दंडक तिने कोणतीही घोषणा न करता बाजूला ठेवला, आणि आश्चर्य असे, की आमच्या घरांतील आजीपासून नातीपर्यंत कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. चित्रपटसृष्टीने तिला त्या वेषात नायिकेशेजारी तरी उभे केले असते काय, याविषयी मी साशंक आहे.

इतरांचा उल्लेख धावताच करतो. पिरॅमिडांच्या सान्निध्यात चित्रित झालेले लकी अलीचे ‘ओ सनम’, पाण्याखालच्या दृश्यांचे सिल्क रूटचे ‘डूबा डूबा’, काशीच्या घाटांवर रंगलेले युफोरियाचे ‘धूम पिचक धूम’, ही सारी १९९६ ते १९९८ या अवघ्या तीन वर्षांतील कमाई आहे. १९९९ च्या ‘अब के सावन’ने शुभा मुद्गल यांच्यासारख्या ख्यालगायिकेचा भरदार स्वर पावसात चिंब भिजलेल्या तरुणाईपर्यंत नेला. आणि ज्यांचा स्वर अर्धे शतक इतरांच्या ओठांवरून ऐकला, त्या आशा भोसले १९९७ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, लेस्ली लुईस यांच्या साथीने ‘जानम समझा करो’ घेऊन नव्या पिढीपुढे आल्या, तेव्हा या लेखातील सारा युक्तिवाद एका उदाहरणात सिद्ध झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या चित्रफितींवर त्या काळीही कठोर टीका झाली. त्यांतील पाश्चात्त्य अनुकरणाचा आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. बाबा सहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’चा मूळ स्रोत कोणता, हे परकी संगीत ऐकणाऱ्यांना तत्काळ उमगत असे. पुष्कळ गीतांची शब्दरचना सामान्य होती, आणि काही चित्रफितींत स्त्रियांना शोभेच्या वस्तूंपलीकडे स्थान नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. परंतु नवशिक्याचे अनुकरण आणि व्यापाऱ्याची नक्कल यांत मी भेद करतो. प्रथमच हाती आलेल्या साधनांनी काय काय करता येईल, हे अजमावून पाहण्याची जी असोशी त्या चित्रफितींत आहे, ती खोटी नाही.

मराठीत ही लाट काहीशी उशिरा आणि अधिक सौम्य होऊन आली. त्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने चित्रपटबाह्य मराठी गीतांना पावसाळी तारुण्य दिले, तर त्यानंतर थोड्याच वर्षांनी अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजीबा’ने लग्नाच्या वरातींवर जे राज्य मिळविले, ते आजतागायत सोडलेले नाही.

या प्रकरणाचा शेवटही त्याच्या आरंभाइतकाच बोधक आहे. नव्या शतकाच्या आरंभी जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या आवृत्त्यांचे पेव फुटले. १९७२ च्या ‘समाधी’मधील लताबाईंचे ‘कांटा लगा’ २००२ मध्ये नव्या ठेक्यावर, नव्या आवाजात आणि नव्या चित्रफितीसह बाजारात आले व अफाट गाजले; त्या चित्रफितीतील नर्तिका सर्वांना ठाऊक झाली, परंतु तीत गाणारी कोण, हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. गळा पुन्हा पडद्याआड गेला. अशा आवृत्त्या काढण्याची मुभा कोणत्या कायद्याने दिली होती, मूळ कलावंतांच्या पदरात तिच्यातून काय पडले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ही तजवीज कशी बदलली, हा विषय स्वतंत्र विवेचनाचा असल्याने तो पुढील लेखांकासाठी राखून ठेवीत आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. ज्या चुंबकीय फितींवर या गीतांचे जतन झाले त्यांचे आयुष्य मर्यादित असते. दमट हवेत त्यांना बुरशी लागते, त्यांवरील लेप सुटू लागतो आणि त्या चालविणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपटांची जपणूक केली. या चार मिनिटांच्या गीतांचे भवितव्य मात्र बहुतांशी कंपन्यांच्या दप्तरांवर आणि घरगुती कपाटांवर अवलंबून राहिले. आज आंतरजालावर या चित्रफितींपैकी ज्या पाहावयास मिळतात, त्या पुष्कळदा कोणीतरी आपल्या घरी व्हीएचएस फितीवर उतरवून घेतलेल्या प्रतीच असतात, आणि कोपऱ्यातील वाहिनीचे बोधचिन्ह त्याची साक्ष देत असते. आपल्या माळ्यावर तशा फिती पडून असतील, तर त्या रद्दीत न घालता त्यांची संगणकीय प्रत वेळीच करून घ्यावी, आणि फितीवर गीताचे व गायकाचे नाव आणि वर्ष स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे.