यजमान आणि पाहुणा : एका संगणकात दोन प्रणाली

संगणकाच्या यंत्राला कामाला लावणारी जी व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. काही कार्यप्रणाली सर्वांना खुल्या असतात. त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्स हा अशा अनेक प्रणालींचा गाभा आहे. उबुंटू ही त्यांपैकीच एक. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची, २००७ साली आलेली 'बॉस' हीसुद्धा त्यांतलीच. बॉसमध्ये मराठीतून काम करता येते, हे आपल्या दृष्टीने विशेष.

आता प्रश्न असा की, संगणकावरील उबुंटू न काढता त्यातच बॉसचा डेस्कटॉप पाहता येईल काय? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच आणि घरात संगणकही एकच. पर्यटकांना दिलेल्या खोल्यांचा सारा हिशेब त्यातच. तो पुसून नवे शिकणे परवडणारे नाही. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

असे करता येते, व त्याचे मार्ग दोन. ते समजण्यास आमच्या काशीदचे उदाहरण पुरेसे आहे. घरी उतरलेला पाहुणा एकतर वेगळ्या खोलीत स्वतःची चूल मांडतो. नाहीतर खोली वेगळी, पण जेवण यजमानाच्या चुलीवरचे. गंमत म्हणजे संगणकशास्त्रातही बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतल्या प्रणालीला पाहुणा असेच म्हणतात.

पहिला मार्ग आभासी यंत्राचा. फाब्रिस बेलार यांचा २००३ मधील 'क्यूएमू' हा प्रोग्रॅम खोटे यंत्रच उभे करतो : खोटी डिस्क, खोटा पडदा. पाहुणा आपला गाभा बरोबर आणतो. म्हणून लिनक्सचा गाभा नसलेली फ्रीबीएसडीसुद्धा येथे सुखाने नांदते. २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेली 'केव्हीएम' ही सोय, प्रोसेसर तसा असल्यास, कामाला चांगला वेग देते. मात्र चूल दुसरी म्हटली की लाकडेही दुसरी. चार जीबी मेमरीतील दोन पाहुण्याला दिल्यावर यजमानाला दोनच उरतात.

दुसऱ्या मार्गात गाभा यजमानाचाच. बॉसच्या फायली एका फोल्डरमध्ये मांडून, तोच फोल्डर म्हणजे सारे जग असे 'सीएच-रूट' या आज्ञेने तिच्या प्रोग्रॅमना भासवायचे. पडद्याचे काय? १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या 'एक्स' या व्यवस्थेत प्रोग्रॅम वेगळे आणि पडदा सांभाळणारा सर्व्हर वेगळा असतो. 'झेफर' हा असा सर्व्हर आहे, की जो यजमानाच्या पडद्यावर केवळ एक खिडकी असतो. आतल्या प्रोग्रॅमना मात्र ती खिडकी म्हणजेच संपूर्ण पडदा वाटते. त्या खिडकीत बॉसचा डेस्कटॉप उभा राहतो. या मार्गाला मेमरी कमी लागते. पण भिंत पातळ असते. आत सर्वाधिकार मिळालेला प्रोग्रॅम बाहेरही हात घालू शकतो.

तात्पर्य, जुने यंत्र आणि विश्वासाचा पाहुणा असल्यास दुसरा मार्ग बरा. शिकणाऱ्याने मात्र पहिलाच धरावा. त्यात पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाकडील एक फाईल असते. प्रयोगापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. बिघडल्यास ती फाईल पुसून प्रत जागी ठेवावी. हिशेबाला धक्का लागत नाही. ज्या घरात दुसरा संगणक येणे कठीण, त्या घरच्या मुलामुलींना मोडूनतोडून शिकण्याची मुभा ही खुली विद्या देते.