कुत्रा, मेंढी आणि काळजातली गाठ

पारनेर-संगमनेरच्या माळावर मेंढ्यांचा कळप दिसला की सोबत राखणीचा कुत्रा असतोच. या जोडीवर जगणारा एक जंत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रत्येकाला माहीत असायला हवा. त्याचं नाव इकायनोकॉकस.

हा जंत जेमतेम काही मिलिमीटरचा. राहतो कुत्र्याच्या आतड्यात. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो. त्याच्या विष्ठेतली अंडी गवतावर पडतात, मेंढी-शेळी ती खाते आणि तिच्या काळजात, फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. जत्रेत बोकड कापल्यावर असं फोड आलेलं काळीज आपण सहज कुत्र्यापुढे टाकतो. चक्र तिथेच पूर्ण होतं!

माणसात अंडी जातात न धुतलेल्या हातांतून, भाजीतून किंवा पाण्यातून. यकृतातली गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. ती पोटात फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. उपचार आहेत: अल्बेंडाझोल, शस्त्रक्रिया.

 

कुत्र्याला घराबाहेर काढू नका, त्याचा काही दोष नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला नियमित प्राझिक्वांटेल द्या, फोड आलेलं काळीज-फुफ्फुस खोल पुरा आणि पोरांना हात धुवायला लावा. गावातल्या मेंढपाळांना आणि खाटकांना हे जरूर सांगा.