मेरुरज्जु-इजा पुनर्वसन : भौतिकी चिकित्सकांचे प्रशिक्षण

मेरुरज्जूला (पाठीच्या कण्यातील तंत्रिकारज्जूला) इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी भौतिकी चिकित्सकांना दिले जाणारे विशेष शिक्षण. उंचावरून पडणे, रस्त्यावरील अपघात, बंदुकीची गोळी, मणक्यांचा क्षयरोग इ. कारणांनी मेरुरज्जूला इजा झाल्यास त्या पातळीखालील हालचाल व संवेदना अंशतः वा पूर्णतः नाहीशा होतात. मूत्राशय व मोठे आतडे यांवरील नियंत्रणही बिघडते. इजा छातीच्या किंवा कमरेच्या भागात असल्यास पाय (अधरांगघात) आणि मानेत असल्यास हातही (चतुरंगघात) दुर्बल होतात. पूर्णपणे तुटलेला मेरुरज्जु पुन्हा कार्यक्षम करणारा उपचार उपलब्ध नाही. त्यामुळे शाबूत स्नायूंच्या बळावर रुग्णास स्वावलंबी करणे व उपद्रव टाळणे हे उपचाराचे मुख्य उद्दिष्ट असते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुसंख्य रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे अल्पावधीत दगावत. लूटव्हिख गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे स्वतंत्र कक्ष उभारला व नियमित कुशीपालट, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि खेळ यांची सांगड घालून ही स्थिती पालटली. महाराष्ट्रात मुंबईतील हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था (१९५५) आणि पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी अधरांगघात पुनर्वसन केंद्र (१९७४) स्थापन झाले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथील दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

प्रशिक्षणाचे स्वरूप : भौतिकी चिकित्सेच्या पदवी अभ्यासक्रमात या विषयाची ओळख होते, तंत्रिका-भौतिकी चिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणात व विशेष केंद्रांतील प्रत्यक्ष अनुभवात तो सखोल होतो. प्रमुख स्नायूंचे बळ व त्वचेची संवेदना तपासून इजेची पातळी ठरविणे हा त्याचा पाया होय. पातळीवरून रुग्ण पुढे काय करू शकेल, याचा अंदाज येतो.

सर्वसाधारण रुग्णास हितकर असलेला उपचार येथे अपायकारक ठरू शकतो. उदा., मानेतील सहाव्या तंत्रिकेपर्यंतचे कार्य शाबूत असलेल्या रुग्णाने मनगट वर उचलले असता त्याची बोटे आपोआप मिटतात व हलकी वस्तू धरता येते. मनगट व बोटे एकाच वेळी ताणून सरळ केल्यास बोटांचे स्नायुबंध सैल पडतात आणि ही पकड कायमची गमावली जाते. तसेच छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असल्यास मूत्राशय तुंबल्याने रक्तदाब एकाएकी धोकादायक रीत्या वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी व घाम ही त्याची लक्षणे दिसताच रुग्णास बसते करणे, कपडे सैल करणे व मूत्रनलिका मोकळी आहे का ते पाहणे आवश्यक असते. श्वसनाचे व्यायाम, चाकाच्या खुर्चीची निवड आणि खाटेवरून खुर्चीत स्थलांतर ही कौशल्येही शिकविली जातात.

ग्रामीण भागातील गरज : पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ही तालुक्यांची गावे पुण्यापासून सु. ६५ ते ८० किमी. अंतरावर आहेत. अहिल्यानगर व सोलापूरकडे जाणारे महामार्ग, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, विहिरी आणि झाडे यांमुळे अशा भागात कण्याच्या इजांचा धोका असतो. शस्त्रक्रिया शहरात झाली, तरी पुढील आयुष्य गावीच जाते. तेथे उंच उंबरठा, उकिडवे बसण्याचे शौचकूप व खडबडीत रस्ते यांमुळे रुग्णालयात शिकलेली कौशल्ये अपुरी पडतात. बधिर त्वचेला चूल वा तापलेली फरशी यांचा चटका कळत नाही. त्यामुळे घराची पाहणी करून फेरफार सुचविणे, तसेच दर दोन तासांनी कूस पालटणे, खुर्चीत बसल्यावर ठराविक वेळाने अंग उचलून दाब हलका करणे व रोज त्वचा तपासणे या गोष्टी रुग्ण घरी जाण्यापूर्वीच कुटुंबीयांकडून करवून घेणे, हा प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो. शस्त्रक्रियेतून वाचलेला रुग्ण घरी शय्याव्रणाने दगावू नये, हे बहुतांशी या शिकवणुकीवर अवलंबून असते.