साखर-मीठ पाण्यात पडलं, पण विरघळलं का?

लहान मुलाला रात्री जुलाब लागले आणि मेडिकल बंद असलं, की घरात साखर-मिठाचं पाणी केलं जातं. प्रमाण ठरलेलं आहे: 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. गडबड होते ती ढवळण्यात.

मीठ, साखर तळाशी राहिली तर वरचं पाणी फिकं आणि शेवटचा घोट खारट. जास्त मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, लहान बाळाला ते धोक्याचं. साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. योग्य प्रमाणात मात्र साखर मिठाला आतड्यातून आत घेऊन जाते, मागोमाग पाणीही शोषलं जातं. 1971 च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

आता विरघळण्याचं. पाणी दाण्याला बाहेरून खात जातं. दाणा जितका बारीक, तितका पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त. म्हणून पुड्यातलं बारीक मीठ चटकन दिसेनासं होतं आणि गोव्यातल्या मिठागराचं जाडं मीठ रेंगाळतं. जाडं मीठ चमच्यानं मोजलं तर मापही चुकतं. आधी कुटून घ्यावं. ढवळलं की दाण्याभोवतीचं खारट पाणी हटून ताजं पाणी लागतं.

पाणी गरम असलं की दोन्ही लवकर विरघळतात. पण किती मावतं, हा हिशेब वेगळा. 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात जवळपास 490. मीठ मात्र 36 वरून जेमतेम 39 वर जातं. पाकासाठी हे कामाचं. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ गारातही सहज मावतं, फक्त ढवळायला हवं. त्यामुळे मिश्रण पुन्हा उकळू नये, पाणी आटून ते खारट होईल.

चव घेऊन बघावी, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्यावं. केलेलं पाणी 24 तासांत संपवावं. पाकीट मिळालं तर तेच उत्तम, पण 1 लिटरचं आहे की 200 मिलीचं ते बघून. सूचना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असली तर दुकानदाराला विचारून घ्यावं.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल पाणीच पिईना, तर ढवळत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.