डोंगरावरचा पाऊस

आषाढ लागला की पलसाण्याहून वघईच्या दिशेने रविवारी निघणाऱ्या मोटारसायकली आणि भाड्याच्या गाड्या वाढू लागतात. नवसारी, चिखली, वांसदा असा हा रस्ता. आठवडाभर कापडाच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्या माणसाने एक दिवस बायकामुलांसह गिरा धबधब्याच्या तुषारांत घालवावा, यात वावगे काहीच नाही. ज्याला पावसाळ्यात डांगचे डोंगर पाहावेसे वाटत नाहीत, त्याची आम्हांला कीवच येईल. आमचा प्रश्न वेगळा आहे. समुद्राशी वागताना आपण जे शहाणपण पाळतो, ते डोंगरात शिरताच कोठे हरवते?

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून दर्यात होडी लोटू नये, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना दंडक. खवळलेल्या पाण्याशी थट्टा नको, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. तो ज्याला कळतो तोच गृहस्थ भर आषाढात मूल कडेवर घेऊन ओढ्याच्या मधोमध खडकावर छायाचित्रासाठी उभा राहतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना बिलगून उभी असलेली ती माणसे साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिली. काठावर माणसे होती, आरडाओरड होती. दोर मात्र नव्हता. त्यानंतर आठवडाभरातच गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाळीच्या धबधब्यावर पाणी चढून कित्येक सहलकरी पलीकडे अडकले. तेथे अग्निशामक दलाचे जवान वेळेवर पोचले आणि दोराच्या आधाराने त्यांनी माणसे बाहेर काढली.

धबधब्याचे पाणी धबधब्यावर पडलेल्या पावसाने वाढत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही. खाली ऊन पडलेले असते. पाऊस तीन कोस वर, डोंगराआड कोसळत असतो, आणि त्याचा लोंढा अर्ध्या तासाने खाली येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, आवाज जड होणे या त्याच्या खुणा. त्या दिसताच चपला, डबे, पिशव्या तेथेच टाकून काठ गाठावा. सामान गोळा करण्यात गेलेली दोन मिनिटेच घात करतात. घोट्याच्या थोडे वर, फूटभर खोल वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडते. त्यात खडकावर शेवाळ. कड्याखालच्या डोहातील फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला नेहमीसारखे तोलून धरत नाही. तेथे पट्टीच्या पोहणाऱ्याचीही मात्रा चालत नाही.

सरकारी उपाय ठरलेला आहे: अपघात झाला की मनाईहुकूम, आणि पाऊस सरला की विस्मरण. २०२३च्या जुलैत गोव्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर तेथील वनखात्याने प्रवेशबंदी केली. प्रसंगी बंदी हवीच, तिला आमचा विरोध नाही. परंतु एका फलकाने आणि दंडाच्या पावतीने जे साधत नाही ते त्या गावचा एक माहीतगार तरुण साधतो. वरच्या पाड्यावर एक जण व खाली एक जण असा पगारी पहारा जून ते सप्टेंबर ठेवावा. वर पाणी फुगताच खाली शिट्टी वाजावी. दोर व हवेची टायर-नळी काठावर टांगलेली असावी. वाहनतळाच्या पैशांतून एवढा खर्च सहज निघेल, आणि आदिवासी पाड्यांना चार महिने काम मिळेल, हा लाभ निराळाच.

सहलकऱ्यांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. दारू पिऊन पाण्यात उतरणारा मनुष्य स्वतःबरोबर त्याला वाचवायला उडी घेणाऱ्या गावकऱ्याचाही जीव पणाला लावतो. त्याने फोडलेल्या बाटलीची काच दुसऱ्या दिवशी गुरे पाण्यावर नेणाऱ्या पोराच्या अनवाणी पायात घुसते. त्या पोराला दवाखाना किती लांब पडतो, याची चौकशी सहलीहून परतताना कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यंदाचा आषाढ येण्यापूर्वी डांग जिल्हा प्रशासनाने आणि वनखात्याने गिऱ्याच्या काठावर निदान दोर आणि पहारेकरी यांची व्यवस्था करावी, अशी आमची मागणी आहे.