लाल तेल आणि दोन फिल्टर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील लाल तेलाला केवळ वंगण म्हणणे अपुरे आहे. कारण इंजिनाची शक्ती चाकांच्या दिशेने पुढे नेणे, गिअर बदलण्यासाठी लागणारा दाब पोहोचवणे, क्लचच्या चकत्यांमध्ये नेमके हवे तेवढेच घर्षण राखणे, आतील उष्णता बाहेर वाहून नेणे आणि दात्यांची व बेअरिंगची झीज रोखणे ही पाचही कामे ते एकाच वेळी करत असते. गिअरबॉक्सचा आराखडा तयार करणारे अभियंते या तेलाकडे एक सुटा भाग म्हणूनच पाहतात आणि इतर भागांप्रमाणे हा भागही झिजतो. अमेरिकेत पिकअपचे हे तेल आणि त्याचे फिल्टर घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मात्र हे काम इंजिन ऑइल बदलण्याइतके सरळ नाही, आणि ते तसे का नाही याचे उत्तर या तेलाच्या रसायनात व त्याच्या प्रवासाच्या मार्गात सापडते.

यासाठी एक ठरावीक गिअरबॉक्स डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. क्रायस्लर कंपनीने १९९९ च्या जीप ग्रँड चेरोकीसाठी ‘४५-आरएफई’ हा गिअरबॉक्स आणला आणि त्याचीच पाच गिअरची पुढची आवृत्ती ‘५४५-आरएफई’ या नावाने डॉज रॅम १५०० या पिकअपमध्ये अनेक वर्षे बसवली. या गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचे एक उथळ पात्र असते, ज्याला मेकॅनिक पॅन म्हणतात, आणि त्या पॅनच्या आत एक नव्हे तर दोन फिल्टर असतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर हे बंद, गोलाकार पात्र बसवलेले असते. त्याचे मूळ जहाजांच्या यंत्रांत आहे. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते टर्बाइनचा अतिवेग जहाजाच्या पंख्याला मानवेल इतका कमी करण्यासाठी. इंजिनाबरोबर फिरणारी पाती तेलाला बाहेरच्या बाजूस फेकतात, ते वेगवान तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवते, आणि परतणाऱ्या तेलाची दिशा मधली स्थिर पाती अशी वळवतात की सुरुवातीच्या संथ वेगात चाकांना मिळणारा पीळ, म्हणजेच टॉर्क, इंजिनाच्या मूळ टॉर्कपेक्षा जास्त भरतो. धातूचा धातूशी संबंध न येता येथे शक्ती पुढे जाते, परंतु या घुसळणीत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तेलातच उरते. जड ट्रेलर ओढत चढ चढणाऱ्या पिकअपचे गिअरबॉक्सचे तेल इतके तापते ते प्रामुख्याने याच ठिकाणी.

कन्व्हर्टरच्या पुढे ग्रहमालिका गिअर असतात, म्हणजे मधल्या एका गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरांचे संच, आणि त्यांतील कोणता भाग धरून ठेवायचा व कोणता मोकळा सोडायचा हे क्लचच्या चकत्या ठरवतात. या चकत्यांवर तंतुमय कागदासारखे, राळेने घट्ट केलेले अस्तर असते आणि त्या कायम तेलात बुडालेल्या किंवा भिजलेल्या असतात. येथेच या तेलाचे सर्वांत नाजूक काम सुरू होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरत असताना जे घर्षण असते, त्याहून ते थांबण्याच्या क्षणीचे घर्षण जास्त असेल, तर चकत्या क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि या चिकटण्या-सुटण्याच्या जलद आवर्तनातून जी थरथर निर्माण होते ती थेट चालकाच्या आसनापर्यंत जाणवते. याउलट वेग कमी होत जाताना घर्षणही किंचित कमी होत गेले, तर पकड मऊपणे बसते. तेलात मिसळलेली घर्षण-नियंत्रक द्रव्ये हेच साधतात. त्यांच्या लांब रेणूंचे एक टोक पृष्ठभागाला धरून राहते आणि उरलेली शेपटी त्यावर एक अतिशय पातळ, निसरडा थर बनवते.

या द्रव्यांचा इतिहास देवमाशांच्या शिकारीशी जोडलेला आहे, ही बाब आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी जनरल मोटर्सने बाजारात आणलेला ‘हायड्रामॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होय, आणि १९४९ मध्ये त्याच कंपनीने अशा गिअरबॉक्ससाठी ‘टाइप ए’ हे तेलाचे पहिले प्रमाणित मानक ठरवले. त्या काळात घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे, कारण ते रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेण आहे आणि त्याचे लांब रेणू धातूवर उत्तम रीतीने बसतात. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि तेल-उद्योगाला पर्याय शोधणे भाग पडले. पहिल्या पर्यायांनी पुरेसा टिकाऊपणा दाखवला नाही, गंजाच्या तक्रारीही आल्या, आणि ती घडी नीट बसायला बराच काळ जावा लागला. एका प्राण्याला वाचवण्याच्या निर्णयामुळे मोटारींचे रसायनशास्त्र अधिक प्रगल्भ झाले, असे म्हणण्यास येथे निश्चितच आधार आहे.

फोर्ड कंपनीने मात्र त्याच काळात अगदी उलटा विचार केला होता. तिच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण कमी करणारी ही द्रव्ये घातली जात नसत, कारण तिच्या गिअरबॉक्सचे क्लच चटकन आणि घट्ट पकड घेतील अशाच हिशेबाने बनवलेले होते. दोन्ही तेले लाल, दोन्ही सारखीच पातळ, आणि तरीही एकाच्या जागी दुसरे घातले तर एकीकडे क्लच घसरणार आणि दुसरीकडे धक्के बसणार. रंग किंवा दाटपणा पाहून तेल निवडणे चुकीचे का, हे यावरून स्पष्ट व्हावे. रॅमच्या गिअरबॉक्सला ‘एटीएफ प्लस फोर’ हेच मानक लागते, आणि सर्व गाड्यांना चालते असे डब्यावर लिहिलेले स्वस्त तेल त्याऐवजी ओतणे ही खोटी काटकसर आहे. या तेलाचा लाल रंग कायमचा नसतो, वापरात तो तपकिरी होत जातो, आणि केवळ रंग किंवा वास यांवरून ते खराब झाले असा निष्कर्ष काढू नये असे उत्पादकच सांगतो. जळकट वासाबरोबर गिअर घसरत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी.

तेल खरोखर म्हातारे होते ते उष्णतेने. तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन आम्ले आणि चिकट लेप तयार होतो, घर्षण-नियंत्रक द्रव्ये खर्ची पडतात, आणि ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की ही क्रिया जवळजवळ दुपटीने वेगवान होते. साधारण ८० ते ९५ अंशांत काम करणारे तेल वीस अंशांनी अधिक तापत राहिले, तर त्याचे आयुष्य चौथाईवर येते. म्हणूनच काही उत्पादक ‘आयुष्यभराचे तेल’ असा शब्दप्रयोग करत असले, तरी ट्रेलर ओढणाऱ्या किंवा डोंगराळ भागात फिरणाऱ्या पिकअपच्या मालकाने तो शब्दशः घेऊ नये. बहुतेक माहितीपुस्तिकांत अशा कष्टाच्या वापरासाठी वेगळे आणि अधिक कडक वेळापत्रक दिलेलेच असते.

दोन फिल्टर कशासाठी, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. पंप तेल वर ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पॅनमधील तेलाला वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि तो एका वातावरणापलीकडे जाऊच शकत नाही. पंपाच्या मुखाशी फार बारीक जाळी बसवली, तर थंडीत दाट झालेले तेल तीतून पुरेशा वेगाने जाणार नाही, पंपात पोकळ्या निर्माण होतील आणि दाब कोसळेल. त्यामुळे पॅनमधला पहिला, चपटा फिल्टर तुलनेने भरड ठेवावा लागतो. बारीक गाळण्याचे काम दुसऱ्या, डब्यासारख्या गोल फिल्टरकडे असते, जो कूलरमधून थंड होऊन परतणाऱ्या तेलाच्या वाटेवर आट्यांनी बसवलेला असतो. तेथे तेलाला पंपाचा रेटा मिळालेला असल्यामुळे बारीक छिद्रांचा अडथळा परवडतो. चपटा फिल्टर बदलून गोल फिल्टर तसाच ठेवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

प्रत्यक्ष कामात पहिली अट सुरक्षिततेची आहे. सपाट, पक्क्या जमिनीवर चाकांना अडणी लावून गाडी जॅकने उचलावी आणि तिचा भार जॅक-स्टँडवर घ्यावा. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. तेल कोमट असताना नीट वाहते, पण नुकतीच दूरवर चालवलेल्या गाडीतील तेल गंभीररीत्या भाजू शकते. या गिअरबॉक्सच्या मूळ पॅनला तेल सोडण्यासाठी वेगळा प्लग नसतो, त्यामुळे एका कोपऱ्याकडचे बोल्ट शेवटपर्यंत न काढता पॅन हळूहळू तिरका करत तेल रुंद परातीत घ्यावे लागते आणि निघालेले तेल मोजून ठेवावे लागते. पॅनमधील चुंबकावर करड्या रंगाची मऊ राबडी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, ती नेहमीच्या झिजेतून जमते. पण बोटाला टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे आढळले, तर आतला एखादा भाग मोडत आहे आणि नव्या तेलाने तो सुधारणार नाही, हे समजून घ्यावे.

चपट्या फिल्टरची मान ज्या रबरी सीलमध्ये बसते, ते जुने सील बहुधा वरच अडकून राहते. ते न काढता नवा फिल्टर दडपला, किंवा नवे सील तिरके बसले, तर पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो आणि गाडी गिअरमध्ये टाकल्यावर हालायला वेळ लावते. अनेकांच्या घरगुती दुरुस्तीवर पाणी पडते ते याच एका वाटीएवढ्या भागामुळे, म्हणून येथे घाई करू नये. पुसण्यासाठी धागे सुटणारे फडके वापरू नये, कारण आतील झडपांच्या फटी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतक्याच असतात. पॅनला तयार गॅस्केट न लावता सिलिकॉनच्या लेपाने बंद करायचे असते. दोन्ही कडा पूर्ण तेलमुक्त करून त्याची बारीक, अखंड रेघ ओढावी, कारण जादा सिलिकॉन आतल्या बाजूस फुगून तुटते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते. बोल्टना सुमारे १२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सव्वा किलो वजन टांगल्याइतका. ॲल्युमिनियममधील आटे याहून फारसे सोसत नाहीत, तेव्हा येथे हाताच्या अंदाजापेक्षा टॉर्क रेंचवर भिस्त ठेवावी.

इतके करूनही सारे तेल बदलत नाही. एकूण सुमारे चौदा ते सोळा लिटरपैकी पॅनमधून पाच-सहा लिटरच निघते, कारण बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. ढोबळमानाने दर वेळी एक तृतीयांश तेल बदलले असे धरले, तर एका फेरीनंतर दोन तृतीयांश जुने तेल उरते, दुसरीनंतर सुमारे ४४ टक्के आणि तिसरीनंतर ३० टक्के. हे गणित निराश करणारे वाटले, तरी ताज्या रसायनांचा नियमित पुरवठा होत राहणे हाच त्यातला खरा लाभ आहे. जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स जातो, हा समज अमेरिकेत आणि भारतातही रूढ आहे, परंतु त्यात बऱ्याचदा कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. गिअर आधीच घसरू लागले म्हणून तेल बदलले जाते, आणि झिजलेले अस्तर नंतर पूर्ण निकामी झाले की दोष नव्या तेलाच्या माथी येतो.

तेल पुन्हा भरताना शेवटची पातळी तापमानावर अवलंबून असते. साठ अंशांनी तापल्यावर पंधरा लिटर तेल अर्धा ते पाऊण लिटरने फुगते, म्हणून थंड गाडीत ‘पूर्ण’ दिसणारी पातळी गरम होताच मर्यादेपलीकडे जाते. आधी निघाले तेवढेच तेल ओतून, इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ थांबावे आणि तेल सुमारे ८२ अंशांवर आल्यावर, इंजिन चालू व गिअर पार्कमध्ये असताना डिपस्टिक पाहावी. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. दोन्ही वेळी दाबाखाली आक्रसणारी हवा तेलात मिसळते आणि क्लच घसरतात.

रॅम भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, पण टॉर्क कन्व्हर्टर असलेले पिकअप येथेही आहेत. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसतात. याउलट २०१४ च्या सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्या ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जात असल्या, तरी त्यांच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राकडून हाताळला जातो, आणि सीव्हीटी किंवा दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची तेले आणखी निराळी असतात. त्यामुळे वर वर्णन केलेली रीत कोणत्याही ऑटोमॅटिक गाडीला सरसकट लावू नये.

निघालेल्या तेलाची जबाबदारीही बदलणाऱ्याचीच असते. एका वेळच्या तेलबदलातून निघालेले वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते, आणि तेथील सुट्या भागांची अनेक दुकाने ते परत घेतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. वाचकांनी ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा चुलीत न टाकता झाकणाच्या डब्यात भरावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे ते सोपवणाऱ्या गॅरेजमध्येच नेऊन द्यावे.