कॅमेरा दिसेनासा झाला, तर...

आमचं कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं. २०१९च्या महापुरात घर सोडलं, तेव्हा पाणी कितव्या पायरीला लागलं हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून पुढे दारात नेटवर्क कॅमेरा बसवला. २०२१च्या जुलैत आम्ही जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेलो आणि नेमकं त्याच रात्री चित्र बंद! घर बुडालं असंच वाटलं. आईचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, ''पाणी दोन पायऱ्या खाली आहे. रात्री वीज गेली होती, आता आलीय. कॅमेऱ्याचा दिवाही लागलाय.''

दोष पत्त्याचा होता. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो. वीज जाऊन आली, की तो बदलू शकतो. कॅमेरा जागाच होता. मीच जुन्या दाराची कडी वाजवत होतो. परतल्यावर राउटरमध्ये कॅमेऱ्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला.

तेव्हा घाबरू नका, क्रमानं तपासा. आधी वीज, मग वायरीची टोकं. तांब्याची नेटवर्क वायर सलग १०० मीटरपर्यंतच भरवशाची. वायरलेस असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा चालतो. चित्र घरात दिसतं, पण बाहेरून नाही? मग इंटरनेट आणि राउटर पाहा. राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता कॅमेरा जागा राहून उपयोग नाही.

आणि शेजाऱ्यांचा नंबर जवळ असू द्या. आम्हाला त्या दिवशी तोच कामी आला.